डावी बाजू माही, उजवी तुही

जठारपेठ, अकोला
९ मार्च २०२५

प्राजू,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. वाचून चुलीत टाक पायजे तं, पण न वाचता टाकू नको वं. माहा नंबर तू तीन वर्षांपासून ब्लॉक करून ठेवला आहे, त्याची तक्रार नाही. धारणीचा पत्ता आपल्या अभ्यासिकेच्या उत्तमरावकाकांनी देल्ला. तू तिथं शाळेत शिकवते हेही त्याइच्याकडूनच समजलं.

कारणाशिवाय लिहिलं नसतं. गुरुवारी तुहा भाऊ माह्या हापिसात आला होता. जेवणाची सुट्टी होती, मी डबा खोलला होता, तं समोर नितेश. हातात वांग्याची थैली. अजून तसाच लाजते पोट्टा. लग्न जमलं त्याचं. पोरगी दर्यापूरची, पौर्णिमा नाव, बी.ए. झाली आहे. २७ एप्रिल, वरूडलेच. मी म्हटलं, वा रे बाप्पा, पेढे कुठी आहेत? तं खाली मान घालून म्हणे, "वर्षालीताई, करवली म्हणून तू उभी राहशीन का माह्या मागं?"

मी म्हटलं, भैताडा, नवरदेवाच्या मागं करा घेऊन उभी राहाले सख्खी बहीण लागते अन् तुले ती आहे. तं म्हणे, "तिले तिचे पेपर आहेत. मायच्या वक्ताले नाही आली, माह्या लग्नाले काय येते!"

रागात बोलते तो. तू मनावर घेऊ नको. मी पाहते म्हटलं अन् पाठवला त्याले.

प्राजू, तीन वर्षं झाली. आशाकाकू ज्या सकाळी गेली त्याच दिवशी आपला सरकारी नोकरीचा पेपर होता. तुहा मोबाइल माह्याजवळ होता, सात वाजता नितेशचा फोन मी घेतला अन् तुले बारा वाजता पेपर सुटल्यावर गेटवर सांगतलं. तू वरूडले पोचली तं चिता पेटून गेली होती. तो माहा गुन्हा आहे अन् तो मी तेव्हाच कबूल केला. त्याच्यासाठी तू माह्याशी बोलत नाही, बरोबर आहे तुहं. पण नितेशवर काहून राग धरते? काकूनंच त्याले बजावलं होतं, प्राजूले सांगू नको, पेपर होऊ दे म्हणून. मायचा जीव असतेच तसा. त्यानं ऐकलं, एवढंच. लग्नाले जाय. तुहा मान आहे तो, माहा नाही.

वांगे चांगले निघाले. भरीत केलं.

वर्षाली


अकोला
१७ मार्च

प्राजू,

उत्तर येईन असं वाटलं नव्हतंच. तरी पोस्टमनची सायकल बिल्डिंगखाली थांबली का मी गॅलरीत जाते.

काल पेटीतून आपली वही काढली. दोनशे पानी लांब वही, सहाशे बारा इडियम्स. डावीकडं इंग्लिश माह्या अक्षरात, कारण माही स्पेलिंग चुकत नव्हती. उजवीकडं हिंदी अर्थ तुह्या अक्षरात, कारण माहं हिंदी पिच्चरपुरतं अन् तू वरूडच्या मंडीत कानपूर-दिल्लीच्या व्यापाऱ्याइसोबत भाव करत लहानाची मोठी झालेली. मराठी अर्थाचं पुस्तक शोधत आपण अख्खी अमरावती पालथी घातली होती, आठोते? राजकमल चौकातला तो दुकानदार म्हणे, "इंग्लिश पायजे तं हिंदीतून शिका, मराठीतून कोण शिकते?" घरी वऱ्हाडी बोलाचं, अर्जात मराठी लिहाचं, पेपर इंग्लिशचा अन् अर्थ हिंदीत पाठ. अन् तरी येत होतं आपल्याले, हेच नवल.

संध्याकाळी अभ्यासिकेच्या गच्चीवर फेऱ्या मारायचो. उजवी बाजू पट्टीनं झाकून तू विचारायची, मी सांगायची. चुकलं का चहा माह्याकडून. सहा महिने चहा मीच पाजला तुले.

अन् काकू! तू सुट्टीत घरी गेली का मेथीच्या अन् हिरव्यागार सांबाराच्या जुड्या बांधता बांधता मोठ्यानं घोकायची, अन् थे सगळं काकूच्या कानावर पडायचं. शाळेचं तोंड पाह्यलं नव्हतं त्या बाईनं, पण दोन-अडीचशे तं तिले येतच होते. मी पहिल्यांदा तुमच्या घरी आली तं माहीच परीक्षा घेतली तिनं. "टू मेक बोथ एंड्स मीट, सांग." मी म्हटलं, जैसे-तैसे गुजारा करना. तं म्हणे, "हे तं मले इंग्लिश याच्या पयलेपासून येते." 'अ बेड ऑफ रोझेस' म्हणजे फूलों की सेज, तं म्हणे, "ज्यानं हे बनोलं त्याले म्हणा एक दिवस आमचा झेंडू तोडून पाह्य, कंबर धरून बसशीन." 'वन्स इन अ ब्लू मून' म्हटलं तं, "कभी-कभार. म्हंजे आमचा नितेश वावरात येते तसं." नितेश तिथंच खाटेवर लोळत होता, उठून चालला गेला. किती हसलो आपण.

अन् शेवटची संक्रांत. तू दहा विचारले, नऊ आले, एकावर अडली काकू. तू सांगाले गेली तं चिडली. "सांगू नको वं, डोक्यातच आहे माह्या थे. आठोलं का मीच फोन करीन." तू बसमध्ये बसेपर्यंत तिचे ओठ हलत होते.

फोनचं मले राहून राहून आठोते. शेवटच्या पंधरा दिवसांत फोनची अदलाबदल कराची, ही युक्ती तुही. आपला फोन आपल्याजवळ असला का हात जातेच, दुसरीकडून मागाले लाज वाटते. घरून फोन आला तं जिच्याजवळ आहे तिनं घ्याचा अन् निरोप जेवताना सांगाचा. माही आई रोज करायची. तू तिच्याशी गोड बोलायची अन् एक निरोप विसरली नाही कधी. बाबाइची बीपीची गोळी संपली, हेसुद्धा तू मले सांगतलं होतं.

तुह्या घरून त्या पंधरा दिवसांत फोन कमीच आले. अन् त्या दिवशी काकूचा आवाज ठणठणीत होता प्राजू, देवाशपथ. कोणालेही वाटलं नसतं का

थांब. वाक्य अर्धं ठेवून मी चहा ठेवाले गेली, अन् गॅसजवळ उभी असताना ध्यानात आलं मी काय लिहून बसली ते. तुले मी मागाहून सांगतलं होतं का फोन नितेशनं केला होता, काकूले जरासा ताप आहे, प्राजूले सांगू नको म्हणे. अन् इथं लिहून राहिली काकूचा आवाज.

खोडाव वाटलं. पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचते, मले तुही सवय माहीत आहे. राहू दे तसंच. फोन काकूचा होता. पेपरच्या चार दिवस पहिले, दुपारी. दवाखान्यातून, नितेशच्या मोबाइलवरून. मी बोल्ली तिच्याशी.

आज याच्या पुढं लिहिवत नाही.

वर्षाली


अकोला
३० मार्च, पाडवा

प्राजू,

'टू बीट अबाउट द बुश'. घुमा-फिराकर बात करना. एकशे चौदावा. खाली तू पेन्सिलनं लिहून ठेवलं आहे, "उदा. वर्षाली." तेव्हा मी तुह्या पाठीत धपाटा घातला होता. आज पाहून हसूही आलं अन् लाजही वाटली.

गेलं पत्र तू वाचलं का नाही मले माहीत नाही. वाचलं असलं तं धारणीत बसून काय काय विचार करत असशील. दोन आठवडे मी तुले तसंच लटकत ठेवलं. मी वाईट आहे, पण मुद्दाम केलं नाही हे. रोज वही काढायची, पहिली ओळ लिहायची अन् फाडायची.

परवा नितेश पुन्हा आला. या वेळी वर्तमानपत्रात बांधलेली साडी होती. जांभळी, हिरवे काठ, साधीच, पण घडी मोडलेली नाही. आत डांबरगोळ्या. म्हणे, "मायनं घेऊन ठेवली होती ताईसाठी. माह्या लग्नात करवली नेसन म्हणे. ताई तं येत नाही, तू नेस." मी ती हातात घेतली अन् "छान आहे" म्हटलं. हे शब्द तोंडातून निघालेच कसे, सांग.

तो गेला अन् मी ती साडी पलंगावर ठेवली. दोन रात्री झाल्या, मी खाली सतरंजीवर झोपून राहिली. तिच्याजवळ पडवत नाही.

ऐक आता. काकूचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी नितेशचा आला. त्यानं विचारलं, "ताईले सांगतलं का? काय म्हणे ताई?" मी तुले काहीच सांगतलं नव्हतं. अन् त्याले म्हटलं, "सांगतलं. म्हणे पेपर झाला का येते."

वाचलं? पुन्हा वाच. तुहा भाऊ तीन वर्षांपासून हे समजते, का त्याच्या बहिणीले माय दवाखान्यात आहे हे माहीत होतं अन् ती पेपरसाठी थांबली. अन् तू समजते का मायनं अन् भावानं मिळून तुह्यापासून लपवलं. दोन्ही गोष्टी माह्या तोंडच्या. एक त्याले सांगतली, एक तुले. पहिलं पत्र लिहिताना पुन्हा तेच खोटं लिहिलं मी, काकूनं बजावलं होतं म्हणून. काकूनं असं काही म्हटलं नव्हतं.

राख सावडली त्या दिवशी तुमच्या आंगनात काय झालं ते आठोते का तुले? मी विसरली नाही. तू नितेशले म्हणे, "माय काय तुह्या एकट्याची होती?" अन् तो म्हणे, "पेपर बरा गेला ना तुहा? मंग झालं." तू त्याच्या अंगावर धावली. तुह्या मावशीनं तुले धरलं, शेजारच्यानं त्याले. दोघंही रडत होते, दोघंही आपल्या जागी खरे होते. मी पाण्याचा गडवा घेऊन ओट्याजवळ उभी होती. एक वाक्य बोल्ली असती तं तिथंच मिटत होतं सगळं. मी पाणी प्यायले देल्लं सगळ्याइले. मावशी म्हणे, केवढी गुणाची पोरगी आहे.

अन् तू म्हणशीन, फोनमध्ये काकूचा कॉल दिसला काहून नाही. मी तो काढून टाकला होता. तुहा फोन परत कराच्या पहिले, रिक्षात बसल्या बसल्या. नितेशचा सकाळचा ठेवला, बाकीचे काढले. तू बाजूलेच होती, माह्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.

आज पाडवा आहे. गुढी उभारली नाही. घरमालकीण चतुराबाई साखरेची गाठी घेऊन आली, विचाराले लागली, डोळे काहून सुजले वं? मी म्हटलं, कांदा चिरला.

वर्षाली


अकोला
८ एप्रिल

प्राजक्ता,

हे रजिस्टरनं पाठवते, पोचपावतीसह. तुह्या हातात पडलं का नाही हे मले समजाले पायजे.

परवा रविवारी मी वरूडले गेली होती. बसमधून उतरून तुमच्या वावरापर्यंत पायी गेली, ऊन मी म्हणत होतं. नितेश विहिरीजवळ क्रेटमध्ये वांगे भरत होता. "ताई, फोन करती तं गाडी आणली असती ना!" म्हणे. मी म्हटलं, पहिले ऐक. अन् उभ्यानंच सगळं सांगतलं. तुले काय सांगतलं, त्याले काय सांगतलं, सगळं.

मले वाटलं होतं मारन, नाहीतं हाकलन. त्यानं हात थांबवला नाही. एक क्रेट भरला, दुसरा ओढला, तो भरला. देठ मोडलेलं वांगं बाजूले फेकत होता. मंग म्हणे, "साडी आणली का?" मी पिशवी पुढं केली. त्यानं हात विहिरीवर धुतले, पंच्यानं कोरडे पुसले अन् मंग घेतली. म्हणे, "पत्रिका छापून आल्या. तिचं नाव नाही टाकलं म्या." अन् तिथंच क्रेटवर बसला अन् लेकरासारखा रडला. मी जवळ गेली नाही. मले तो हक्क नव्हता.

आता फोनचं सांगते. जसंच्या तसं.

सोमवार होता, दोन वाजले असतीन. तू आत बसून गणितं सोडवत होती. मी जिन्यावर होती, तुहा फोन वाजला.

"कोण, वर्षाली काय वं? प्राजू कुठी आहे?"

मी म्हटलं, आत आहे काकू, अभ्यास करून राहिली. कशा आहात?

"छातीत पाणी झालं म्हंते डाक्टर. मले काही होत नाही वं, पण गमत नाही. तिले म्हणा एक खेप येऊन जाय. राहू नको म्हणा. तोंड पाहीन अन् सांजच्या गाडीनं वापस पाठवीन."

हे ऐकूनही मी तुले हाक मारली नाही. जिन्यावरून तुही पाठ दिसत होती मले, लाल ओढणी होती. दहा पावलं. मी म्हटलं, "काकू, विसरलीच मी. ती सकाळीच नागपूरले गेली, सराव पेपरले. उद्या येईन."

आताच आत आहे म्हटलं होतं, अन् लगेच नागपूर. काकूच्या ध्यानात आलं नसन का ते? तिनं काही विचारलं नाही. एवढंच म्हणे, "असं काय. मंग राहू दे. आली का फोन लावाले सांगजो."

'काहून केलं' हे तू विचारशीन. तीन वर्षं मी मलेच सांगत आली का तुह्यासाठी केलं, तुहं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. आपल्या इकडं असंच करतात ना, परीक्षा असली का आजार लपवतात, मौत लपवतात, अन् लपवणारा मोठा शहाणा ठरते. मीही त्याच्या आड लपली. खरं असं आहे का माह्या घरी ठरलं होतं, हा शेवटचा पेपर. निघाला नाही तं मे महिन्यात लग्न. पोरगा पाहून ठेवला होता, मूर्तिजापूरचा, दोन ट्रॅक्टर. तू वरूडले गेली असती तं चार दिवस मले कोण विचारणार होतं? पट्टी कोण धरणार होतं? एकटीनं वाचलं का माह्या डोक्यात काही राहत नव्हतं, तुले माहीत आहे. मले तू समोर पायजे होती. तुही माय तुले बलावत होती अन् मले माहा पेपर दिसत होता.

पेपरात तीन इडियम्स आले, तिन्ही वहीतले. मी दोन मार्कांनी निघाली. आज ज्या खुर्चीवर बसते, पंख्याखाली, ती त्या चार दिवसांची आहे. तुहाही पहिला पेपर निघाला होता, माह्यापेक्षा वर होती तू. दुसऱ्याले तू बसलीच नाही.

अन् तुहा एक निरोप आहे माह्याजवळ. काकूनं देल्लेला. फोन ठेवाच्या पहिले म्हणे, "अन् तिले सांगजो, थे कानावालं आठोलं मले. संक्रांतीवालं. ऑल इअर्स. कान लगा के सुनना. बरोबर आहे ना वं?"

मी म्हटलं, एकदम बरोबर काकू. दहापैकी दहा.

खुश झाली ती. "मंग सांगजो तिले आल्या आल्या," म्हणे.

सांगते म्हटलं. नाही सांगतलं. आज सांगून राहिली.

नितेशनं परवा अजून एक सांगतलं. म्हणे, त्या चार दिवसांत मायनं मोबाइल उशाशीही ठेवू देल्ला नाही, कानाजवळ धरून पडून राहे. चार्जिंगले लावला का विचारे, वाजला का रे? ताईचा आला का रे?

वर्षाली


अकोला
२९ एप्रिल

प्राजक्ता,

पोचपावती एकवीस तारखेले आली. नुसती सही. 'प्राजक्ता'मधल्या 'क्त'चा तोच झटका. हापिसात टेबलाच्या खणात ठेवली आहे.

लग्नाले मी आली नाही. नितेशनं पत्रिका पाठवली होती. माणूस घेऊन आला, पोस्टानं नाही. छापलेल्या नावाइच्या खाली निळ्या पेननं लिहिलं होतं, "करवली: कु. प्राजक्ता". म्हणे सगळ्या पत्रिकाइवर एक एक करून लिहिलं त्यानं, तीनशेच्या वर. पण मी आली नाही. तुह्या मावशीनं मले पुन्हा गुणाची म्हटलं असतं तं मी तिथंच पडली असती.

फोटो पाह्यला. नितेशच्याच मोबाइलवरून आला, कोणी पाठवला माहीत नाही. नवरदेव हसून राहिला, बाशिंग तिरपं झालं आहे. त्याच्या मागं तू, जांभळी साडी, हातात करा. तू कॅमेऱ्याकडं पाह्यलं नाही. काडीसारखी वाळली वं तू.

काल दुपारी अनोळखी नंबर आला. मी उचलला तं पलीकडं तू. मी ओळखलं. तू एवढंच विचारलं, "आवाज कसा होता तिचा?"

मी म्हटलं, दम लागत होता. दर दोन शब्दाइनं थांबत होती.

तू फोन ठेवला. ठणठणीत होता असं मी देवाशपथ लिहिलं होतं, ते दुसऱ्या पत्रात. तेही खोटं होतं. आता कोणत्या पत्रात कोणतं खोटं आहे हे तुले माहीत आहे.

वही या पाकिटासोबत पाठवते. डावी बाजू माही आहे, उजवी तुही, पण पानं एकच, तोडता येत नाहीत. तुह्या शाळेतल्या पोरीइले कामी येईन. माहं अक्षर नको वाटलं तं पट्टी ठेवजो वर.

माफी मागाची होती, पण मागत नाही. तू 'हो' म्हटलं तं मले बरं वाटन, अन् मले बरं वाटावं म्हणूनच हे सगळं झालं होतं.

एक गोष्ट मात्र मी रजिस्टरच्या पत्रातही लिहिली नाही. लपवली असं नाही, माह्यासाठी ठेवली होती. त्या दिवशीच्या फोनमधली तेवढीच एक माही होती. पण ठेवाले माहा जीव धजत नाही आता. तुही माय होती, तिचा शब्द न् शब्द तुहा आहे.

निरोप देऊन झाला अन् मी फोन ठेवणार, तं काकू म्हणे, "वर्षाली, जेवत जाय वं बेटा. तुहा आवाज कसा तरी येऊन राहिला आज."

वर्षाली